कंबरेवरचा हात

“दार लाव आधी,” सारिका म्हणाली. “आणि कडी पण घाल.”

ती हॉटेलच्या पलंगावर पालथी पडली होती. टी-शर्ट खांद्यापर्यंत वर केलेला, तोंड उशीत. मी कडी घातली. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि रांचीतली जानेवारीची थंडी अशी, की हात चोळल्याशिवाय बोटं वळत नव्हती. मी हात गरम पाण्याखाली धरून आले, टेपचा रोल उचलला आणि तिच्या शेजारी बसले.

“कुठं दुखतंय?”

“कुठं दुखत नाही ते विचार.”

मणक्याच्या डाव्या अंगाला, कंबरेच्या जरा वर मी नुसतं बोट टेकवलं, तर ती अशी कळवळली की मीच दचकले.

“अगं सारे, हे काय करून ठेवलंयस?”

“चीर आहे मणक्याला. पुण्याच्या डॉक्टरांनी दाखवली. सहा महिने स्टिक हातात धरायची नाही म्हणाले.”

“कधी म्हणाले?”

“दिवाळीत.”

मी मनातल्या मनात महिने मोजले, सहा काही झाले नव्हते. काय बोलणार? माझा स्वतःचा उजवा गुडघा सकाळी जिना उतरताना असा वाजायचा की पोरी मागे वळून बघायच्या. एकतिसाव्या वर्षी आम्हा दोघींचं शरीर म्हणजे जुनी एसटी झालं होतं. रोज ढकलून चालू करायचं.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता आम्ही दोघी एकमेकींच्या विरुद्ध लीगची सेमीफायनल खेळणार होतो. तिचा संघ निळ्या शर्टांचा, माझा लाल. हॉटेल तेवढं एकच. ती दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. तिच्या संघाला स्वतःची फिजिओ होती, चांगली शिकलेली मुलगी. पण तिला पाठ दाखवली असती तर तासाभरात कोचच्या कानावर गेलं असतं आणि दुपारी सारिका बाकावर बसली असती. म्हणून ती विरुद्ध संघातल्या माझ्याकडून टेप लावून घेत होती. यात काही विचित्र आहे असं आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. साताऱ्याच्या कॉलेजात होतो तेव्हापासून तिची पाठ मीच बांधत आले होते.

“घट्ट ओढ,” ती म्हणाली.

“श्वास लागेल.”

“लागू दे. आज निवड समितीची माणसं येणारेत, वने. कॅम्पला दोन जागा आहेत म्हणे फ्लिक मारणाऱ्यांच्या. आज नाही तर कधीच नाही.”

भारताच्या कॅम्पचं दार तिने दोनदा जवळून बघितलं होतं. दोन्ही वेळा राखीव यादीत नाव, दोन्ही वेळा परत घरी. तिसऱ्यांदा कोणी बोलवत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

“आणि आज मोडलीस तर?” मी विचारलं.

“मग मोडले. तू कोणाला बोलू नकोस म्हणजे झालं.”

“नाही बोलत.”

“शपथ?”

“शपथ. आता हलू नकोस.”

मी टेप ओढून बसवली. उठून बसताना तिने दात असे आवळले की कानशिलापाशी शीर दिसली. मग म्हणाली, “तुझं काय? तुला ठेवतायत का पुढच्या वर्षी?”

“आज जिंकलो तर ठेवतील.”

“आणि नाही जिंकलात तर?”

मी टेपचा उरलेला तुकडा गुंडाळत बसले. तिला उत्तर माहीत होतं, उगाच विचारलं होतं.

हॉकी न बघणाऱ्यांसाठी थोडं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पेनल्टी कॉर्नर मिळाला की हल्ला करणाऱ्या संघातली एक जण गोलाच्या रेषेवरून बॉल बाहेर ढकलते, त्याला आम्ही पुश म्हणतो. डी म्हणजे गोलापुढचा अर्धवर्तुळाचा पट्टा. त्याच्या टोकाला दुसरी तो बॉल अडवते आणि तिसरी फ्लिक मारते. फ्लिक मारणारी वाकून, पाय फाकून, सगळं अंग पिळून बॉल गोलात भिरकावते. तो इतक्या वेगात येतो की दिसेपर्यंत लागलेला असतो. गोल झाला की तिचा फोटो पेपरात. पुश करणारीचं नाव तिच्या आईलासुद्धा सांगावं लागतं.

कॉलेजात सारिका फ्लिक मारायची आणि मी पुश करायचे. मुरमाचं मैदान, त्यावर पाणी मारलं की चिखल आणि नाही मारलं की गुडघे फुटायचे. एकेका संध्याकाळी दोनदोनशे वेळा आम्ही तेच करत राहायचो. दुसऱ्या वर्षापासून तिची पाठ दुखायला लागली. तिच्या वाकण्यावरून ते मला आधी कळायचं आणि तिला मागाहून. मग पुश करायच्या आधी मी डावा हात माझ्या कंबरेवर ठेवायचे. त्याचा अर्थ, आज फ्लिक नको, उजवीकडच्या मुलीला हळूच पास दे, तिला मारू दे. ती खूण आमच्या दोघींतच होती. सारिकाने ती कधी मोडली नाही. चिडायची, नंतर शिव्या द्यायची, पण मैदानावर माझा हात कंबरेवर गेला की पास द्यायची.

कॉलेज संपलं, मग लीग आली. पहिले चार हंगाम आम्हाला एकाच संघाने घेतलं. मग खेळाडूंच्या बोलीमध्ये ती एकीकडे गेली आणि मी दुसरीकडे. माझ्या नव्या संघात पुश करायला एक हॉलंडची मुलगी होती, माझ्याहून कितीतरी सरस. मला त्यांनी उलट्या बाजूला लावलं. विरुद्ध संघाला कॉर्नर मिळाला की गोलातून बॉलच्या समोर धावत सुटायचं आणि फ्लिक अंगावर घ्यायची. तोंडाला जाळीचा मुखवटा, गुडघ्याला पॅड, बाकी देवाचं नाव. हे काम तरुण पोरी टाळतात, म्हणून ते मला मिळालं. पोट जाळायला काहीतरी करायला हवंच होतं. नोकरी नव्हती, नवऱ्याचं दुकान नुकतंच उभं राहत होतं, आणि हॉकी सोडून मला दुसरं काही येत नव्हतं.

अकरा वाजता आमची बैठक झाली. आमचे कोच ढिल्लों सर. मोठा तोंडाळ माणूस, पण मनाचा वाईट नव्हता. त्यांनी पडद्यावर सारिकाचे गोल लावले, एकामागून एक, आणि मग पडदा बंद करून माझ्याकडे वळले.

“शेडगे, तू या मुलीला बारा वर्षं ओळखतेस. कुठं मारते?”

“कुठंही मारते, सर.”

“हे तर माझी आईसुद्धा सांगेल. काही दुखतंय तिचं? काल सरावाला आली नव्हती.”

सगळ्या पोरी माझ्याकडे बघत होत्या. पाठ दुखत असली की ती डावीकडे पूर्ण वळू शकत नाही, मग बॉल गोलकीपरच्या एकाच हाताला जातो, हे सांगितलं असतं तर आमच्या गोलकीपरला निम्मं काम राहिलं असतं.

“मला नाही माहीत, सर,” मी म्हणाले.

ढिल्लों सर जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बेटा, मालक काल स्पष्ट बोलले. फायनलला गेलो तर संघ आहे तसा ठेवतील. नाही गेलो तर तिशीच्या वरचं कोणी नको. माझ्या हातात काही राहणार नाही.”

“हो सर.”

“अजून काही आठवतंय?”

“नाही सर.”

शपथ पाळली म्हणून बरं वाटायला हवं होतं. खरं सांगू? नुसता राग आला. सारिकाचा आला, तिला पोसणाऱ्या त्या हट्टाचा आला, आणि माझ्याच तोंडाचा आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला बोलणार.

सामना दोनला सुरू झाला. ऊन होतं पण त्यात धग नव्हती. निवड समितीची तीन माणसं मध्यभागी शाली पांघरून बसली होती. पहिल्या भागात आम्ही दोन गोल केले. तिसऱ्या भागात सारिकाला पहिला कॉर्नर मिळाला. मी गोलातून सुटले, चार पावलं गेले असेन, बॉल माझ्या कानाजवळून गेला आणि मागे फळीवर आदळल्याचा धाड आवाज झाला. दोन-एक. सारिकाने हात वर केले नाहीत. कंबरेवर दोन्ही हात ठेवून ती तशीच उभी राहिली आणि तिच्या मैत्रिणी तिच्या अंगावर उड्या मारत होत्या. त्या प्रत्येक उडीला तिचं तोंड वेडंवाकडं होत होतं. त्यांना वाटलं, रडतीये आनंदाने.

दुसरी फ्लिक माझ्या मांडीवर बसली. मी खाली पडले. उठताना ती जवळून गेली.

“लागलं का गं?” तिने मराठीत विचारलं.

“नाही, फुलं पडली. तुझं काय?”

“काही विचारू नको,” ती म्हणाली. ओठ पांढरे पडले होते तिचे.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात आमच्या एका पोरीच्या पायाला डीमध्ये बॉल लागला. कॉर्नर. लगेच वेळ संपल्याचा भोंगा झाला, पण नियम असा की दिलेला कॉर्नर खेळूनच सामना संपतो. म्हणजे आता फक्त एक बॉल उरला होता. गोल झाला तर बरोबरी, मग शूटआउट, आणि आमची गोलकीपर शूटआउटमध्ये लटपटते हे सगळ्या लीगला माहीत होतं. गोल नाही झाला तर आम्ही फायनलमध्ये आणि मी पुढच्या वर्षी संघात.

मी मुखवटा घातला, गोलाच्या खांबाला एक पाय टेकवून वाकले. समोर डीच्या टोकाला सारिका उभी होती. तिची पुश करणारी मुलगी ऑस्ट्रेलियाची, मान खाली घालून बॉलकडेच बघणारी. सारिकाने तिच्याकडे पाहिलं. मग सवयीने तिची नजर गोलाकडे वळली, माझ्याकडे.

मी डावा हात कंबरेवर ठेवला.

बॉल सुटला. सारिका वाकली, स्टिक बॉलमागे नेली आणि फ्लिक मारायच्या ऐवजी उजवीकडच्या पोरीला हळूच पास दिला. ती पोर गोंधळली. तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. तिने स्टिक उचलेपर्यंत मी तिथे पोचले होते. बॉल माझ्या स्टिकला लागला आणि डीच्या बाहेर लांब गेला. पंचांनी शिटी वाजवली.

पुढचं सगळं गलका होता. पोरींनी मला उचललं. ढिल्लों सर मैदानात धावत आले आणि माझा मुखवटा दोन्ही हातांत धरून ओरडले, “कसं कळलं तुला? कसं कळलं?”

“अंदाज,” मी म्हणाले.

सारिका तिथेच गुडघ्यांवर बसली होती. तिचा कोच बाहेरून तिच्या नावाने ओरडत होता. मी गर्दीतून सुटून तिच्याकडे गेले आणि हात पुढे केला. तिने तो धरला, उठली, माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं.

फायनल आम्ही हरलो. पण संघाने मला ठेवलं, आणि त्यानंतर मी आणखी दोन हंगाम खेळले. कॅम्पच्या यादीत सारिकाचं नाव आलं नाही. तिच्या संघाने तिला सोडलं. मार्चमध्ये पुन्हा पाठ तपासली तेव्हा डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात, आणखी थोडी चीर वाढती तर चालणं अवघड झालं असतं. हे तिने मला फोनवर सांगितलं. दोनच मिनिटं बोलली.

मे महिन्यात तिचा निरोप आला, ये एकदा गावाला. मी माण तालुक्यातल्या तिच्या घरी गेले. गच्चीवर तिच्या आईने कुरडया घातल्या होत्या आणि पाखरं राखायला सारिकाला बसवलं होतं. जड काही उचलायचं नाही म्हणून घरातलं एवढंच काम तिच्याकडे. पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही दोघी बसलो.

“वने, एक विचारू? खरं सांगशील?”

“विचार.”

“हात का ठेवलास?”

या प्रश्नाचं उत्तर मी चार महिने घोटून ठेवलं होतं. “तुझं वाकणं बघून,” मी म्हणाले. “कळलं मला, आता ही मोडणार.”

तिने मोबाइल काढला. त्यात तो शेवटचा कॉर्नर होता. तिने तो कितीदा बघितला असेल कोण जाणे. कुठे थांबवायचा ते तिच्या बोटाला पाठ झालं होतं.

“हे बघ. बॉल आता सुटतोय. तुझं पाऊल बघ.”

मी बघितलं. माझं पाऊल सारिकाच्या दिशेने पडलंच नव्हतं. पहिल्यापासून ते त्या उजवीकडच्या पोरीकडे पडलं होतं.

“माझी पाठ वाचवायची असती तर खूण केल्यावर तू सरळ माझ्यावर धावली असतीस,” सारिका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “रोज धावतेस तशी. मग पास त्या पोरीकडे गेला असता, गोल झाला असता नाहीतर नसता झाला. पण तू आधीच तिकडे निघालीस. पास येणार हे मैदानात तुला एकटीलाच माहीत होतं.”

कुरडयांवर चिमण्या उतरल्या. तिने हुश्श केलं. मला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

“मला जिंकायचं होतं, सारे,” मी म्हणाले. “मला पुढचं वर्ष पाहिजे होतं. तुझी पाठ त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हती. नव्हतीच. स्वतःला सांगत आले, होती म्हणून, पण नव्हती.”

“माहीत आहे मला.”

“मग ऐकलंस कशाला? मी विरुद्ध संघात होते, बये! तुला कळलं नाही?”

“कळलं की. समोर लाल शर्ट घालून उभी होतीस, मी काय आंधळी आहे?” ती टाकीला टेकली. “आधी वाटलं, ही फसवतीये. मग वाटलं, फसवू दे. दिवाळीपासून प्रत्येक जण मला नुसतं मार, मार म्हणत होता. मी पण स्वतःला तेच म्हणत होते. थांब असं कोणीच म्हणालं नव्हतं गं. मी इतकी दमले होते वने, की खोटं का होईना, तू थांब म्हणालीस आणि मी थांबले.”

मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं, समजूत काढायला आली नाही.

थोड्या वेळाने म्हणाली, “आईला मी वेगळं सांगितलंय. वनीने ओळखलं आणि मला वाचवलं, असं. तिला बाकीचं सांगू नकोस.”

“का पण? मला नाही जमणार, सारे. मी आत्ता जाऊन सांगते तिला.”

“काही सांगायचं नाही. हरले म्हणून थांबले, असं म्हटलं की मला झोप लागत नाही. कोणीतरी जीव लावून थांबवलं म्हटलं की लागते. एवढं कर माझ्यासाठी. तेवढं तरी तू माझं देणं लागतेसच.”

खालून तिच्या आईची हाक आली, “पोरींनो, भाकरी गार व्हतीया!”

स्वयंपाकघरात दोन ताटं मांडली होती. मटण शिजवलं होतं त्यांनी, माझ्यासाठी मुद्दाम. मी तिच्या आईला, मावशींना, वाकून नमस्कार केला तर त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि माझ्या कानशिलावरून हात ओवाळून स्वतःच्या कपाळाशी कडाकडा बोटं मोडली. दारात शेजारची बाई उभी होती. तिला म्हणाल्या, “हीच ती वनिता. दुसऱ्या संघात असून माझ्या लेकीची पाठ राखली हिनं. सख्खी भैन करायची न्हाय एवढं.”

मी सारिकाकडे बघितलं. ती भाकरीचा तुकडा मोडत होती.

“आन् तुला कसं गं कळलं,” मावशींनी माझ्यासमोर बसत विचारलं, “हिचं एवढं दुखतंय त्ये? आमाला घरात बी कदी कळू दिलं न्हाय हिनं.”

शेजारीण ऐकायला पुढे सरकली. सारिकाचा हात ताटातच थांबला.

“तिचं वाकणं बघून, मावशी,” मी म्हणाले.

मावशींनी डोळ्याला पदर लावला. मग पातेल्यात पळी घालून सारिकासाठी राखून ठेवलेली नळी काढली आणि माझ्या ताटात वाढली. मी नको म्हणाले नाही. मायलेकी बघत होत्या तोवर मी ती सगळी खाल्ली.